तांब्यावरची कुसळं

आमच्या घरात काळं पडलेलं तांबं कुणी पाहिलेलं नाही. उदगीरला बाजारात आमचं भांड्यांचं दुकान. नवरा गेल्यावर पस्तीस वर्षं तिथल्या गादीवर मीच बसले. दर सोमवारी घरातलं सगळं तांबं-पितळ बाहेर काढायचं, चिंच-मीठ लावून घासायचं, राखेनं चोळायचं आणि धुऊन उन्हात पालथं घालायचं. माझा एकुलता एक मुलगा संगमेश्वर गेला, त्या आठवड्यातसुद्धा सोमवार चुकला नाही. बायका म्हणाल्या, लक्ष्मम्माचं काळीज दगडाचं हाय. म्हणू देत. ज्यांच्या मोरीत हिरवी पडलेली भांडी लोळतात त्यांनी माझं काळीज तपासू नये.

संगू चौतीस वर्षांचा होता. देवणीच्या रस्त्यावर टेम्पोनं उडवलं. आमच्यात जाळत नाहीत. गळ्यातलं लिंग हातात देऊन, बसवून मातीत ठेवतात. त्याचं जे काही होतं ते मातीत गेलं, वर राहिली एक घागर.

ती घागर त्यानं स्वतः मठारली होती. मठारायचं म्हणजे भांड्याच्या अंगावर हातोडीनं एकाला एक लागून ठोके घालत जायचं. तांबं घट्ट होतं आणि माशाच्या खवल्यांसारखं चमकतं. दुकानदाराच्या मुलानं हे काम करायचं काही कारण नव्हतं. पण दुकानामागे भागवत कासार ठोकत बसायचा, आणि हा दुपारचं जेवण झालं की त्याच्याशेजारी जाऊन बसायचा. सहा महिन्यांत ही एवढी एक घागर केली, नंतर हातोडीला हात लावला नाही. पुढे दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला आमचे गुरू मृत्युंजय स्वामी घरी यायचे, त्यांच्या पाद्यपूजेचं पाणी त्याच घागरीतून घ्यायचं. एरवी ती देवाच्या कोनाड्यात. माझ्याशिवाय तिला कुणी घासायचं नाही. सून अंबिकेनं एकदा तारेची घासणी लावली होती. ती घासणी मी रस्त्यावर फेकली आणि अंबिकेला म्हणाले, पुढच्या बारीला तू.

त्या घागरीवर वर्षाराणीची नजर गेली.

वर्षाराणी संगूची मुलगी, बाप गेला तेव्हा चार वर्षांची. नांदेडला विद्यापीठात पीएचडी करत होती. कशात, असं कुणी विचारलं की मी सांगायची, शास्त्रात. त्यापुढं कुणी खोदलं तर मी विचारायची, तुमचा पोरगा काय करून राहिला हल्ली? मग माणसं पाण्यापावसाचं बोलायला लागायची.

दिवाळीला आली तेव्हा तिनं मला समोर बसवलं.

"अव्वा, तांब्याचा पत्रा भट्टीत तापवला की काय होतं?"

"काळा पडतो. मग घासावा लागतो."

"तो काळा थर म्हणजे तांब्याचीच एक प्रकारची चिनी माती समज. कडक आणि ठिसूळ. आच नेमकी ठेवली आणि तांबं नेमकं असलं, तर त्या थरातून बारीक तारा उगवतात, उभ्या. गव्हाच्या ओंबीला कुसळं असतात ना, तशा. तुझ्या एका केसाच्या जाडीत हजारभर बसतील इतक्या बारीक."

"माझे केस आता लई बारीक झालेत," मी म्हणाले. "आन् ती कुसळं काय कामाची?"

"तशा तळाच्या भांड्यात पाणी कमी जाळात उकळतं. कुसळांच्या मधे बुडबुडे लवकर धरतात. मोठाल्या यंत्रांना त्याचा उपयोग आहे."

"मग उगव की. कुणी अडवलंय?"

"येत नाहीत, अव्वा. बाजारच्या पत्र्यावर विरळ येतात आणि गार झालं की सगळा थर खपलीसारखा सुटतो. तीन वर्षं हेच चाललंय." मग ती कोनाड्याकडं बघत म्हणाली, "ठोकलेल्या तांब्यावर दाट येतात. घाव बसलेलं तांबं आतून ताणलेलं असतं. तो ताण तापल्यावर वाट काढतो."

मी उठले आणि चहा ठेवला. तिनं त्या चार दिवसांत तीनदा विचारलं आणि मी तीनदा चहा ठेवला. जायच्या दिवशी बॅग भरून दारात उभी राहिली. म्हणाली, "मार्चपर्यंत दाखवलं नाही तर माझी मुदत संपते. माझ्या गाइड मॅडमच्याही हातात मग काही राहत नाही." एवढंच. या पोरीनं लहानपणीसुद्धा कधी कुठल्या वस्तूसाठी हट्ट केला नव्हता. बाप नसलेल्या घरात हट्ट कुणाकडं करायचा हे तिला फार लवकर कळलं होतं.

मी घागर काढली, पुसली, माझ्या जुन्या इरकली लुगड्यात बांधली.

"गळा आन् बूड परत आण. पोट तुझं."

गळा आणि बूड तिनं आठवड्यात पाठवून दिलं. पोटाच्या तिनं नांदेडला दोन बोटं रुंदीच्या बारा पट्ट्या कापल्या. नेमकी आच सापडेपर्यंत आठ वाया गेल्या. फेब्रुवारीत फोन आला.

"उगवलंय, अव्वा. चारही पट्ट्यांवर."

मी म्हणाले, बरं झालं, जेवलीस का? फोन ठेवून मी कोनाड्यातल्या त्या गळ्याच्या कड्यापुढं बराच वेळ उभी राहिले. संगूचा हात कुठंतरी कामाला आला.

मार्चमध्ये गुरुवारी हैदराबादहून परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर पट्टी पाण्यात ठेवून, उकळून दाखवायची होती. हॉस्टेलची खोली त्याच आठवड्यात रिकामी करायला लावली, म्हणून वर्षाराणी सगळं सामान घेऊन रविवारी घरी आली. सोमवारी संगूची पुण्यतिथी होती. तिला तेही बरं वाटलं. बुधवारी परत जाणार होती.

संध्याकाळी तिनं प्लास्टिकचा डबा उघडला. कापसावर चार पट्ट्या, तव्याच्या बुडासारख्या काळ्याकुट्ट. मोबाईलवर तिनं मोठ्या सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला. गवताळ रानासारखं काहीतरी दिसत होतं, काडीला काडी लागून उभं.

"हे सगळं या पट्टीवर आहे," ती म्हणाली. "बाबांच्या हातोडीखालचं तांबं होतं म्हणून आलं. तुला दाखवायचं होतं."

"मला तर काळंच दिसून राहिलं."

"डोळ्यांना तेवढंच दिसतं. फोटो काढून झालेत, मोजमाप झालंय. फक्त हात लावू नको."

डबा तिनं कोनाड्यात ठेवला, बापाच्या जागी.

सोमवारी सकाळी ती आणि अंबिका हार-फळं आणायला बाजारात गेल्या. स्वामी अकराला येणार होते. त्याआधी माझी नणंद सिंधु आली. ती कुठंही वेळेच्या आधी पोचते, म्हणजे घर आवरलेलं नसताना बघायला मिळतं. तिनं कोनाड्यात डोकं घातलं.

"वैनी, घागर कुठाय?"

"कापली. पोरीच्या शिक्षणाला लागली."

"आन् हे डब्यात काळं काय?"

"तिच्याच पट्ट्या."

सिंधुनं डब्यात वाकून बघितलं, मग माझ्याकडं. "संगूचं तांबं आन् असं? आज स्वामींच्या पुढं हे ठेवणार? तुमच्या घरात?"

ती एवढंच बोलली. मला तेवढं पुरलं.

आता मी कितीही कारणं सांगू शकते. फोटो काढून झाले असं तीच म्हणाली होती. आमच्याकडं फोटो काढून झाला की काम झालेलं असतं, लग्नाचं असो की मयताचं. दरवर्षी या दिवशी त्या घागरीतलं पाणी स्वामींच्या पायावर पडायचं. घागर नाही तर तिचे तुकडे तरी लखलखीत समोर असावेत, असंही मला वाटलं. आणि हात लावू नको म्हणाली होती. मी हात नाही लावला, चिंच लावली.

दोन चोळ्यांत काळं निघालं. इतक्या लवकर कधी निघत नाही. काळं पाणी मोरीतून गेलं आणि ठोके जसेच्या तसे वर आले. मला वाटलं, माझा हात अजून हाय. पितळी ताटात चार पट्ट्या मांडल्या, तीन बोटं विभूती ओढली. सिंधु म्हणाली, आता कसं. मला बरं वाटलं, ही खरी गोष्ट आहे. त्या क्षणी मला अगदी बरं वाटलं होतं.

वर्षाराणी हार घेऊन आत आली तेव्हा स्वामी तिच्या मागोमाग दारात होते. तिनं ताट बघितलं आणि हार माझ्या हातात दिला. स्वामींना पाट दिला, पाय धुतले, मंत्र झाले, नाव घेतलं, प्रसाद झाला. तासभर ती भिंतीला टेकून त्या पट्ट्यांसमोर बसून होती. स्वामींनी विचारलं, पोरगी काय शिकते? अंबिकेनं सांगितलं. स्वामी म्हणाले, बापाचं नाव काढ. ती हो म्हणाली.

स्वामी गेले, सिंधु प्रसादाचा डबा भरून घेऊन गेली, तेव्हा ती ताटाजवळ आली.

"कशानं घासल्यास?"

"चिंचेनं."

"मीठ?"

"हाव. थोडं."

तिनं एक पट्टी उचलून अंगठा फिरवला. मी वाट बघत होते की ती ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडले असते, आणि ते मला जमतं.

"परत घाल की भट्टीत," मी म्हणाले. "किती येळ लागतोय?"

"सहा तास." ती पट्टी ताटात ठेवत म्हणाली. "पण येणार नाहीत. एकदा तापलं की ठोक्यांचा ताण निघून जातो, तांबं मऊ पडतं. एका पट्टीला एकदाच येतात, अव्वा."

"गळा हाय. बूड हाय."

"त्याला बाबांनी ठोकलेलं नाही."

त्या दिवशी स्वयंपाक पुरणाचा होता. ती जेवली. मी वाढलं ते सगळं खाल्लं आणि ताट घासून ठेवलं.

बुधवारी ती निघालीच नाही; गुरुवारी पहाटे मी तिच्याबरोबर नांदेडला गेले. ती नको म्हणत होती. बसमध्ये पूर्ण वाट ती खिडकीकडं आणि मी समोरच्या सीटकडं बघत होते. तिच्या मॅडमचं नाव धम्मप्रिया. पन्नाशीची, बारीक चणीची बाई, टेबलावर कागदांचा ढीग. मी उभ्यानंच बोलले.

"पट्ट्या मी घासल्या. माझ्या हातानं. पोरीचा दोष न्हाई. काय बोलायचं ते मला बोला."

आयुष्यात कुणापुढं मी असं उभी राहिले नव्हते. विक्रीकरवाला आला तेव्हाही नाही.

मॅडमनी उठून खुर्ची दिली. "आजी, बसा. माझी आई रोज अंगण शेणानं सारवायची. एकदा माझ्या वह्या सारवणात गेल्या. रागावून काय करणार?"

"मग तुमी काय केलं?"

"परत लिहिल्या," मॅडम म्हणाल्या, आणि वर्षाराणीकडं बघून टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या. वह्या परत लिहिता येतात, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

परीक्षक भला माणूस होता. फोटो बघितले, लखलखीत पट्ट्या बघितल्या, मान हलवली. दार उघडं होतं, मला बाहेर बाकावर ऐकू येत होतं. तो म्हणाला, फोटो सुंदर आहेत, पण एकदाच उगवलेलं मला धरता येत नाही. पुन्हा उगवून दाखवा. मॅडमनी अर्ज लिहून जूनअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. ती शेवटची.

उदगीरला परत येऊन मी थेट भागवत कासाराकडं गेले. किल्ल्याच्या वाटेवर त्याचं घर. सत्त्याहत्तर वर्षांचा झालाय, ठोकायचं काम केव्हाच सोडलं. मी नवा पत्रा समोर टाकला.

"मठारून दे. संगूची घागर होती, तसं."

त्यानं तीन आठवडे लावून दिलं. वर्षाराणीनं पट्ट्या कापून भट्टीत घातल्या. कुसळं आली विरळ, आणि थर खपलीसारखा सुटला. दुसरा पत्रा दिला. त्याचंही तेच झालं. जून अर्धा गेला होता. मी भागवतच्या ओसरीवर जाऊन बसले.

"तुझाच चेला होता त्यो. त्याच्या हातानं येतंय आन् तुझ्या हातानं का येईना?"

भागवत हातोडीचा दांडा चोळत बसला. "वैनी, खरं सांगू? त्याला मठारता येत नव्हतं."

"काय बोलतोस?"

"मठारायचं म्हणजे हात हलका लागतोय. हातोडी आपल्या वजनानं पडाय पाहिजे. संगू घाव घालायचा. एका जाग्यावर धा-धा. मी म्हणायचो, आरं पत्रा फाटंल. तर म्हणायचा, फाटू दे मामा."

"राग कुणाचा एवढा?"

तो माझ्याकडं बघत नव्हता. "लातूरच्या कॉलेजातनं तुमी त्याचं नाव काढून आणलं न्हवं, त्या सालची गोष्ट हाय. सायन्सला होता. दुपारचं येऊन बसायचा आन् एक शब्द न बोलता ठोकायचा."

मला ते साल आठवलं. नवरा गेला होता, दुकान उघडं ठेवायला घरात एक पुरुष माणूस हवा होता. मी लातूरला जाऊन त्याचा दाखला काढला आणि त्याला बसमध्ये शेजारी बसवून घेऊन आले. वाटभर तो खिडकीबाहेर बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान त्यानंच उघडलं. मला वाटलं, पोरगं समजूतदार हाय. सगळ्यांना मी तेच सांगत आले. आणि त्याच्या मागं चोवीस वर्षं ते घाव दर सोमवारी चिंच लावून लखलखीत करत आले.

"मग तू बी जोरात मार की," मी भागवतला म्हणाले.

"तेवढा हात ऱ्हायला न्हाई आता," तो म्हणाला. "आन् तेवढा राग कुठनं आणू?"

जून संपला.

आता वर्षाराणी लातूरला एका क्लासमध्ये शिकवते. डॉक्टर व्हायची परीक्षा देणारी मुलं असतात, एकेका वर्गात दीडशे. तिला फिजिक्स दिलंय. दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली आहे. फोन करते, जेवलीस का विचारते. भट्टीचं नाव काढत नाही.

मी भागवतकडून हातोडी मागून आणली. घागरीचा गळा कोनाड्यातून काढला आणि दुपारी ओसरीत बसून त्याच्यावर घाव घालायला लागले. शहात्तर वर्षांच्या बाईचा घाव तो किती. पण महिनाभर रोज घातले, एका जाग्यावर धा-धा. राग होताच, कुणावरचा ते आता सांगायची गरज नाही. अंबिका दारातून बघायची आणि आत जायची. मग कोळशाची शेगडी पेटवून सकाळपासून दुपारपर्यंत ते कडं निखाऱ्यात ठेवलं. काळंकुट्ट निघालं. गार झाल्यावर हात न लावता चिमट्यानं उचललं, कापसात बांधलं आणि लातूरची बस धरली.

क्लासच्या मागच्या खोलीत ती भेटली. हाताला खडू लागलेला. मी डबा पुढं केला. तिनं झाकण काढलं, कडं कडेनं धरून खिडकीशी नेलं, उजेडात फिरवून फिरवून बघितलं. इतका वेळ बघितलं की मला आशा वाटायला लागली.

"अव्वा, हा नुसता काळेपणा आहे," ती म्हणाली. "यावर काही उगवलेलं नाही."

"यंत्रातनं बघायच्या आधीच कळतं?"

"कळतं. मखमलीसारखं दिसतं ते, उजेड आत जाऊन परत येत नाही." तिनं कडं उलटं केलं आणि ठोक्यांवरून नजर फिरवली. "हे कुणी ठोकलं?"

"मी."

तिनं एका ठोक्यात अंगठा ठेवून बघितला. मग मीच म्हणाले, "तुझ्या बापाच्या घागरीत माझ्यावरचा राग होता. भागवत म्हणला."

"माहीत आहे."

"कधीपासनं?"

"दिवाळीच्या आधीपासून. कुणाच्या हाताचं तांबं मिळेल म्हणून मी त्यांच्याकडं गेले होते, तेव्हा ते म्हणाले, संगूइतके घाव कुणीच घातले नाहीत, आणि का घातले तेही सांगितलं. म्हणून तर घागर मागितली."

"मग मला का सांगितलं न्हाई?"

"तू दिली नसतीस."

बरोबर होतं ते. मी दिली नसती. तिला कोनाड्याजवळसुद्धा फिरकू दिलं नसतं.

बाहेर घंटा झाली. जिन्यावर पोरांच्या चपला वाजायला लागल्या. तिनं कडं परत कापसात ठेवलं, झाकण लावलं आणि डबा माझ्या पिशवीत घातला.

"बसनं नीट जा. पाणी घेतलंस का बरोबर?"

मी हाव म्हणाले. ती खडूचा डबा उचलून वर्गात गेली.

कडं आता कोनाड्यात आहे. सोमवारी मी घरातलं सगळं तांबं बाहेर काढते, चिंच-मीठ लावते, घासते, उन्हात पालथं घालते. ते तेवढं काढत नाही. मागच्या आठवड्यात सिंधु आली होती. तिनं कोनाड्यात डोकं घातलं आणि विचारलं, वैनी, हे काळं काय? मी म्हणाले, चहा घेणार का?